राखीव बाकावरील चढाईपटू



कबड्डीच्या संघातील बारा खेळाडूंपैकी सातच मैदानात उतरतात. उरलेल्या पाचांपैकी उद्याचा मुख्य चढाईपटू होण्याची पात्रता कोणाच्या अंगी आहे, याचा फैसला रायगड जिल्ह्यातील जोहे-हमरापूरपासून रोह्यापर्यंतच्या आपल्या कबड्डी मंडळांत बहुधा गुणपत्रक पाहून होतो, आणि माझ्या मते या कामी ते पत्रक अत्यंत कच्चा साक्षीदार आहे.

राखीव खेळाडूच्या वाट्याला चढाई येते ती सामना हातचा गेल्यावर, नाहीतर निर्विवाद जिंकल्यावर. समोर सातही बचावपटू ताजेतवाने उभे असताना बाद झालेला पोर नालायक ठरतो, आणि दमलेल्या चौघांना शिवून आलेला दुसरा गुणवान म्हणून मिरवतो. हा न्याय नव्हे. पाहावयाचे असते ते निराळेच. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण आणणे अथवा बाद होणे एवढाच पर्याय जेथे नियमाने उरतो, तेथे त्या तीस सेकंदांत तो कोणता कोपरा निवडतो? डाव्या कोपरारक्षकाने घोटा धरून एकदा पाडल्यावर पुढच्या चढाईत त्याची पावले बदलतात, की तीच चूक अधिक वेगाने होते? वेग आणि उंची यांचा मोह निवडकर्त्यांना फार. परंतु पकडला गेल्यानंतरची बुद्धी हाच खरा दाखला होय. आमच्याकडील गणपतीच्या कारखान्यांतही डोळ्यांची आखणी नवशिक्याकडे सोपविण्यापूर्वी त्याचा हात बिघडल्यावर कसा सावरतो, हेच जाणता कारागीर पाहतो.

नवख्यांना संधी मिळाली की काय घडते, ते पाहा. 2021-22 च्या प्रो कबड्डी हंगामात पुणेरी पलटणकडे राहुल चौधरी आणि नितीन तोमर हे नामवंत चढाईपटू होते; तरीही संघाचा भार हळूहळू अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नवोदितांवर आला. पुढे त्याच अस्लमच्या नेतृत्वाखाली 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे नमवून पलटणने प्रथमच विजेतेपद पटकाविले. दूर अमेरिकेतील फुटबॉलमध्ये टॉम ब्रॅडी हा 2000 साली व्यावसायिक संघांनी केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत 199 वा होता. 2001 च्या सप्टेंबरात त्याच्याच संघातील मुख्य खेळाडू ड्रू ब्लेडसो जायबंदी झाल्याने त्याला स्थान मिळाले, आणि त्याच हंगामाअखेर त्याचा संघ अजिंक्य ठरला. तेथे संधी अपघाताने आली. आपण मात्र अपघाताची वाट का पाहावी?

तेव्हा मंडळांच्या चालकांना माझी विनंती एवढीच की, येत्या हंगामात आपल्या राखीव चढाईपटूस निकाल अजून अनिश्चित असताना, सामन्याचे पहिले सत्र पूर्ण खेळू द्यावे. आणि अशा तीन-चार सामन्यांची मुदत संपण्यापूर्वी त्याच्या नावावर काट मारू नये.