रोहतांग : खिंड आणि बोगदा

कळसूबाईवर दुसरी कळसूबाई रचली तरी तिचा माथा हिमाचल प्रदेशातील रोहतांग खिंडीला पोचणार नाही. पीर पंजाल रांगेतील ही खिंड ३,९७८ मीटर उंचीवर आहे.

तिच्या दक्षिणेस कुलूचे खोरे. बियास नदीचा एक उगम खिंडीतच आहे. मोसमी ढग या उतारावर रिते होतात, म्हणून तिथे देवदारांची दाट अरण्ये. माथा ओलांडताच झाडी संपते. समोर लाहुलचे उघडे कडे, सोनापानी हिमनदी आणि घेपनची हिमाच्छादित शिखरे उभी राहतात. राजा घेपन हे लाहुलचे आराध्य दैवत. एका बाजूला ओलावा, दुसऱ्या बाजूला कोरडा शीतप्रदेश, आणि मध्ये केवळ एक खिंड!

रोहतांग या नावाचा अर्थ ‘प्रेतांची रास’ असा सांगतात. दुपारनंतर येथे वारा उसळतो, म्हणून सकाळीच खिंड पार करण्याचा जुना दंडक होता. हिवाळ्यात ती बंद झाली की लाहुल कित्येक महिने तुटलेला राही. धान्य, सरपण, चारा यांचा साठा आधीच करावा लागे. तेवढ्यात कुणाची प्रसूती अडली, कुणाला गंभीर दुखणे जडले, तर हेलिकॉप्टरची वाट पाहायची. आणि तेही आभाळ निवळले तरच येणार.

३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि हा वनवास बहुतांशी संपला. बोगदा खणणे सोपे नव्हते. सेरी नाल्याखालच्या ठिसूळ खडकातून पाण्याचे लोट आत येत आणि काम रखडे. उत्तरेकडचे खोदकाम तर हिवाळ्यात थांबवावेच लागे, कारण तिथवर जाण्याची वाट रोहतांगवरूनच होती. ज्या खिंडीला वळसा घालायचा, तिचीच परवानगी घ्यावी लागत होती म्हणा ना!

हिमकडे मात्र आजही कोसळतात, आणि बोगद्यापलीकडचा रस्ताही मधूनमधून बंद पडतो. शिवाय ज्या गावांत हिवाळ्यात पाहुणा दुर्मिळ होता, तिथे आता पर्यटकांच्या मोटारींची रीघ लागते. सिस्सू परिसरातील ग्रामस्थांनी अलीकडील हिवाळ्यांत देवकार्याच्या काळापुरते पर्यटन बंद ठेवण्याचे ठरविले. घेपनच्या पायथ्याशी त्या दिवसांत पूर्वीसारखी शांतता असते. रुग्णवाहिकेला मात्र वाट मोकळी असते.