छोटे यंत्र, मोठी जबाबदारी : ब्रश कटरची देखभाल आणि सुरक्षित वापर



शेतीच्या यांत्रिकीकरणाचा विषय निघाला की डोळ्यांसमोर ट्रॅक्टर आणि कापणी-मळणी यंत्रे उभी राहतात. परंतु जेथे उतार आहे, जेथे जमिनीचे तुकडे लहान आहेत आणि जेथे झाडांच्या ओळींमधून वाट काढावी लागते, तेथे ही मोठी यंत्रे पोहोचू शकत नाहीत. केरळातील रबराचे मळे, हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या बागा, ईशान्येकडील डोंगरउतार आणि कोकणातील आंबा-काजूच्या बागा ही त्याची उदाहरणे होत. अशा ठिकाणी खांद्याला पट्ट्याने अडकवून चालविले जाणारे पेट्रोलवरील गवत कापणी यंत्र, म्हणजेच ब्रश कटर, आज शेतमजुराच्या हातात आले आहे. कोकणात पूर्वी कोयत्याने होणारी बागेची बेणणी आता बऱ्याच प्रमाणात याच यंत्राने होते. शहरांत उद्याने आणि रस्त्यांच्या कडा स्वच्छ ठेवणाऱ्या कामगारांचेही ते रोजचे साधन आहे.

यंत्र गावात पोहोचले म्हणजे यांत्रिकीकरण पूर्ण झाले, असा समज अनेकदा आढळतो. ते यंत्र पाचव्या वर्षीही चालू आहे काय आणि ते चालविणाऱ्याचे डोळे, कान व पाय सुरक्षित आहेत काय, हे दोन प्रश्न मात्र मागे राहतात. यांत्रिकीकरणाच्या यशाची खरी कसोटी याच दोन प्रश्नांत आहे.

यंत्राची जडणघडण

फिरत्या दोरीने गवत कापण्याची कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील जॉर्ज बॅलस यांना १९७१ मध्ये मोटारी धुण्याच्या यंत्रातील फिरते ब्रश पाहून ती सुचली. पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला मासेमारीची नायलॉन दोरी लावून त्यांनी पहिला नमुना तयार केला. लवचिक दोरी वेगाने फिरविली की ती ताठ होते आणि गवत कापते, हे साधे तत्त्व त्यामागे आहे. भारतात वापरल्या जाणाऱ्या ब्रश कटरला मऊ गवतासाठी नायलॉनची दोरी आणि झुडपांसाठी धातूचे पाते, असे दोन्ही बसविता येते.

या साधेपणामुळेच यंत्राच्या शक्तीचा अंदाज चुकतो. कापण्याचा व्यास ४० सेंटिमीटर आणि फिरण्याचा वेग मिनिटाला ६,००० फेरे धरला, तर दोरीच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १२५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४५० किलोमीटर होतो. या वेगाने उडालेला खडा डोळा कायमचा निकामी करू शकतो. यंत्र लहान असले, तरी त्यापासूनचा धोका लहान नाही.

इंधनाचे गणित

या यंत्रांपैकी अनेकांत टू-स्ट्रोक इंजिन असते. अशा इंजिनात वंगणासाठी वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइल हेच त्याचे वंगण होय. मिश्रणाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल असेल, तर एक लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर ऑइल लागते. २५ ला १ असेल, तर ४० मिलिलिटर लागते. ऑइल कमी पडले की पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांवर घासून इंजिन जाम होते. ऑइल जास्त झाले की धूर वाढतो, स्पार्क प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी साचते. अंदाजाने, बाटलीच्या झाकणाने मोजून ऑइल घालण्याची सवय हे इंजिन बिघडण्याचे मोठे कारण ठरते. इंजिन फोर-स्ट्रोक असेल, तर मात्र ऑइल पेट्रोलमध्ये न मिसळता इंजिनातील स्वतंत्र जागेत घालावे लागते. दोन्ही यंत्रे बाहेरून सारखी दिसत असल्याने ही चूक सहज घडते.

येथे राष्ट्रीय इंधन धोरणाचाही संबंध येतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. यंत्र महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल ठेवून पडून राहिले, तर कार्ब्युरेटरचे पडदे आणि रबरी नळ्या खराब होऊ शकतात. म्हणून यंत्राला इथेनॉलचे किती प्रमाण चालते हे पुस्तिकेत पाहावे, लागेल तेवढेच मिश्रण तयार करावे आणि हंगाम संपताच टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच यंत्र ठेवून द्यावे.

दैनंदिन देखभाल

देखभालीला महागडी हत्यारे लागत नाहीत; नियमितपणा लागतो. एअर फिल्टर रोज काढून पाहावा. तो स्पंजचा असेल, तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. धुळीने बुजलेल्या फिल्टरमुळे इंजिनाला हवा कमी मिळते, पेट्रोल जास्त जळते आणि ताकद घटते. फिल्टर काढून टाकून यंत्र चालविणे म्हणजे सिलिंडरमध्ये धूळ पाठविणे होय. स्पार्क प्लग वेळोवेळी स्वच्छ करून त्यातील अंतर साधारणतः ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवावे. दांड्याच्या टोकाशी असलेल्या गिअर पेटीत पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराने ग्रीस भरावे. सिलिंडरच्या पंखांमध्ये अडकलेले गवत रोज काढावे, कारण हे इंजिन हवेनेच थंड होते.

कामाला लागण्यापूर्वी सर्व नट-बोल्ट, पाते आणि गार्ड तपासावेत. तडा गेलेले पाते वेल्डिंग करून वापरू नये, ते बदलावे. इंजिन मंद गतीवर असताना पाते फिरत राहत असेल, तर क्लच किंवा मंदगतीची जुळणी बिघडली आहे, असे समजून दुरुस्ती होईपर्यंत काम थांबवावे. पाते तपासण्यापूर्वी किंवा अडकलेले गवत काढण्यापूर्वी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढणे, हा नियम कोणत्याही घाईत मोडता कामा नये.

सुरक्षित वापर

सर्वात घातक सवय म्हणजे नायलॉनच्या दोरीऐवजी लोखंडी तार किंवा सायकलच्या ब्रेकची तार लावणे. दोरी लवकर झिजते आणि तार टिकते, हा त्यामागील हिशेब असतो. परंतु नायलॉनचा तुकडा हलका असतो, तर तुटलेला तारेचा तुकडा शरीरात घुसू शकतो. दुसरी घातक सवय गार्ड काढून टाकण्याची. गवत अडकते म्हणून गार्ड काढला जातो आणि उडणारे खडे थेट पायांवर व तोंडावर येतात.

यंत्र चालविणाऱ्याने डोळ्यांना चष्मा व चेहऱ्याला जाळीदार मुखवटा, कानांना संरक्षक, हातमोजे, पूर्ण लांबीची विजार आणि टाच-बोटे झाकणारे बूट वापरावेत. चपला, सैल धोतर, साडीचा पदर वा गळ्यातील उपरणे यांना या कामात स्थान नाही. आजूबाजूला किमान १५ मीटरपर्यंत दुसरी व्यक्ती वा जनावर नसावे. कापण्यापूर्वी जागेवरून चालत जाऊन दगड, काचा, बाटल्या आणि तारा उचलाव्यात.

धातूचे पाते वापरताना उलट्या झटक्याचा धोका असतो. फिरत्या पात्याचा पुढील उजवा भाग, घड्याळाच्या भाषेत १२ ते ३ या आकड्यांमधील भाग, खोडावर किंवा दगडावर आदळला, तर यंत्र एकाएकी बाजूला फेकले जाते. पाते चालकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या नेहमीच्या यंत्रांना हे लागू पडते. अशा यंत्राने उजवीकडून डावीकडे कापत जावे. दोन्ही मुठी घट्ट धराव्यात आणि खांद्याचा पट्टा उंचीनुसार जुळवून घ्यावा.

इंधन भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, विडी-सिगारेट दूर ठेवावी आणि इंधन भरलेल्या जागेपासून किमान तीन मीटर अंतरावर यंत्र सुरू करावे. वाळलेल्या गवतात तापलेला सायलेन्सर वणव्यास कारण ठरू शकतो.

काही इजा तत्काळ दिसत नाहीत. या यंत्रांचा आवाज चालकाच्या कानाशी ९० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. रोज असा आवाज ऐकल्याने येणारा बहिरेपणा बरा होत नाही. सततच्या कंपनाने बोटांतील रक्तप्रवाह मंदावतो, बोटे पांढरी व बधिर पडतात. म्हणून ठरावीक वेळाने विश्रांती घेणे किंवा दोघांनी आळीपाळीने यंत्र चालविणे आवश्यक आहे.

कायदा आणि धोरण

मळणी यंत्रांमुळे होणाऱ्या अपघातांच्या पार्श्वभूमीवर संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम केला. त्यात शक्तीवर चालणाऱ्या मळणी यंत्राचा स्पष्ट उल्लेख असून, शेती वा ग्रामीण क्षेत्रातील इतर यंत्रे अधिसूचनेद्वारे समाविष्ट करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही प्रामुख्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. दोन-चार मजूर लावून होणारे बागेचे काम तिच्या कक्षेत सहसा येत नाही. त्यामुळे या मजुराच्या सुरक्षेसाठी प्रशिक्षण हाच मुख्य आधार उरतो.

२०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानातून शेतकऱ्यांना यंत्रांसाठी अनुदान आणि गावोगावी अवजारे भाड्याने देणारी केंद्रे उभारण्यास साहाय्य मिळाले. बुदनी, हिस्सार, गारलादिन्ने आणि विश्वनाथ चारियाली येथील केंद्रीय संस्था शेती यंत्रांची चाचणी व प्रशिक्षण यांचे काम करतात. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेतून समन्वयित होणारा, शेतीतील श्रमविज्ञान व सुरक्षेवरील अखिल भारतीय संशोधन प्रकल्पही या विषयावर कार्यरत आहे. म्हणजे ज्ञान उपलब्ध आहे. ते यंत्राच्या मुठीपर्यंत पोहोचणे बाकी आहे.

भाड्याच्या यंत्राचा प्रश्न अधिक बिकट आहे. आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या हातात जाणाऱ्या यंत्राचा फिल्टर कोणी धुवायचा आणि हरवलेला गार्ड कोणी बसवायचा, हे ठरलेले नसते. यावर उपाय साधे आहेत. प्रत्येक यंत्रासोबत एक नोंदवही असावी आणि त्यात चालविलेले तास, मिश्रणाचे प्रमाण, ग्रीस व फिल्टरची तारीख लिहिली जावी. यंत्राबरोबर मुखवटा, कानाचे संरक्षक आणि मिश्रण मोजण्याचे भांडे दिले जावे. मराठी, मल्याळम, असमिया अशा स्थानिक भाषेत, चित्रांसह एका पानाची सूचनापत्रिका असावी. गार्ड नसलेले यंत्र केंद्राबाहेर जाऊ नये.

आज परीक्षेची तयारी करणाऱ्यांपैकी काही जण उद्या कृषी अधिकारी किंवा गटविकास अधिकारी होतील. वाटप झालेल्या यंत्रांची संख्या त्यांच्या अहवालात येईलच. त्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने असावेत : चालू स्थितीतील यंत्रे किती आणि प्रशिक्षित चालक किती. मजुराचे कष्ट कमी व्हावेत म्हणून आलेल्या यंत्राने त्याचाच डोळा वा ऐकण्याची शक्ती हिरावून घेतली, तर त्याला विकास म्हणता येणार नाही.