ऐकण्याची नोकरी

आदरणीय गुरुजन, आणि 'आदरणीय' म्हटलं तर हसतील असे माझे वर्गमित्र-मैत्रिणींनो,

'तू नेमकं काय करायचास ते एकदा सगळ्यांना समजावून सांग,' असं संयोजकांनी बजावलंय. मी परदेशात रेडिओवर आहे, इथपर्यंत लोणावळ्याच्या बाजारपेठेला पटायचं. पुढे दिल्लीत सुरक्षा-धोरणाचा अभ्यास करू लागलो, तेव्हा मी गुप्तहेर झालो असा पुष्कळांचा समज झाला. आईनं तो कधी खोडला नाही.

खरं तर माझी नोकरी ऐकण्याची. परदेशी प्रसारणात बोलणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या देशांची केंद्रं रात्रंदिवस ऐकायची, उतरवून घ्यायची, काल असलेलं कुठलं विशेषण आज गळलं ते टिपायचं. बीबीसीनं यासाठी 1939 मध्ये वेगळा विभागच काढला. क्यूबाच्या पेचात क्षेपणास्त्रं परत नेण्याचा ख्रुश्चेव्ह यांचा निर्णय 28 ऑक्टोबर 1962 रोजी मॉस्को रेडिओवरून जाहीर वाचला गेला, कारण वकिलातीमार्फत पत्र पोचायला कित्येक तास लागत. तेवढा वेळ जगाकडे नव्हता. म्हणून प्रसारण आणि सुरक्षा ही दोन कामं मला कधी वेगळी वाटली नाहीत.

मराठी माणूस या धंद्यात फार आधीपासून आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या बीबीसीत कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या. 1942 चा एक फोटो प्रसिद्ध आहे: बसलेल्यांत वेणूताई, टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, आणि मागे उभा जॉर्ज ऑर्वेल. हा ऑर्वेल तेव्हा हिंदुस्थानसाठी युद्धाची साप्ताहिक समालोचनं लिहायचा. त्यांची मराठीतही भाषांतरं होत, आणि सगळं सेन्सॉरच्या हाताखालून जाई. पुढे त्यानं सत्य पुसणाऱ्या सरकारवर कादंबरी लिहिली, यात मला नवल वाटत नाही. बीबीसीची ती मराठी सेवा 1958 मध्ये थांबली. 2 ऑक्टोबर 2017 ला परत आली ती इंटरनेटवर.

आता आपल्या गावचं. धोरणाच्या अभ्यासाला लोक वॉशिंग्टनला जातात. माझ्या मते उत्तम धडा वडगावला आहे, हायवेवरून आपण झपकन पुढे निघून जातो तिथेच. 1778 च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची जवळजवळ चार हजारांची फौज राघोबादादांना गादीवर बसवायला बोरघाट चढून आली. बरोबर बैलच एकोणीस हजार! मराठे सरदार येऊन मिळतील हा त्यांचा हिशेब होता. तो कुणाच्या भरवशावर? ज्याला गादी हवी होती त्याच्याच. सरदार काही आले नाहीत. 4 जानेवारी 1779 ला कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला, आपला इष्टुर फाकडा. 9 तारखेला तळेगाव गाठलं तर मराठ्यांनी गाव जाळून मोकळं केलेलं, दाणावैरण नाही. 11 च्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून फौज मागे फिरली, वडगावला महादजी शिंद्यांच्या वेढ्यात सापडली, आणि तहावर सही झाली. तोफा, शौर्य, शिस्त, कशाचीच उणीव नव्हती. हवी तेवढीच बातमी ऐकली, बस्स. इष्टुर फाकड्याला मात्र मावळानं शत्रू असूनही नवस बोलण्याइतकं मानलं, हे सांगितलं की परदेशी सहकारी चकित होत.

शेवटचं थोडं कडू आहे. 8 मे 2025 च्या रात्री आपल्या नौदलानं कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचं काही वाहिन्या ओरडून सांगत होत्या. तसं काहीही झालं नव्हतं. आपल्या बॅचच्या ग्रुपवर तासाभरात त्या व्हिडिओंचा आणि झेंड्यांचा पाऊस पडला. कुणी कुणी पाठवले ती नावं घेत नाही, जेवण अजून व्हायचंय. आपल्याच एका वर्गमैत्रिणीचा मुलगा आयएनएस शिवाजीत शिकून जहाजावर गेलाय. तिच्यासाठी त्या बातमीचा अर्थ एवढाच होता की तो आत्ता आगीत आहे. रात्री दीड वाजता तिचा फोन आला. मी तिला चित्रं पाहायला सांगितलं नाही. विचारलं, 'नौदलानं स्वतः काही म्हटलंय का? कराचीहून कुणी काही म्हटलंय का?' दोन्हीकडे काही नाही. एवढा मोठा हल्ला झाला तर निदान एक बाजू तरी बोलतेच. पहाटेपर्यंत आम्ही फोनवर होतो. मुलाशी बोलणं व्हायला तिला पुढे बरेच दिवस लागले. ते दिवस तिला कुणी परत देणार नाही, ग्रुपवर नंतर कितीही हात जोडले तरी.

म्हणून मुख्याध्यापक बाईंकडे एक मागणी केली आणि त्यांनी ती मान्यही केली. जानेवारीत नववीच्या मुलांना घेऊन कार्ला, तळेगावचं तळं आणि वडगाव असा एक दिवस फिरायचं. तिथे उभं राहून कुणाला काय ठाऊक होतं आणि कुणाकडून, एवढंच विचारायचं. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी बाहेरच्या टेबलावर नाव द्यावं. चिक्की माझ्याकडून.