मैदान कोणासाठी? – अमेरिकन विद्यापीठांची क्रीडासंस्कृती पाहताना

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा अध्यक्षांनी घेतलाच आहे. त्याची पुनरुक्ती मी करणार नाही. बडोद्यासारख्या शहरात मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालवणे म्हणजे काय, हे या सभागृहातील कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. आज मी एका दूरच्या देशाविषयी बोलणार आहे. त्याचे कारण मात्र अगदी जवळचे आहे. महोत्सवी निधीतून काय उभारावे, मैदानाच्या पूर्वेकडील भागावर नवे सभागृह बांधावे की मैदान अखंड ठेवावे, हा प्रश्न समितीपुढे आहे. या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेतील विद्यापीठांचे खेळ परक्या डोळ्यांनी पाहिल्याचा मला फार उपयोग झाला. म्हणून ते अनुभव आपल्यापुढे ठेवते.

२०२३ च्या शरद ऋतूत मी माझ्या भाचीकडे ॲन आर्बर या गावी तीन आठवडे राहिले. ती तेथील मिशिगन विद्यापीठात संशोधन करते. गावाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. त्या गावात विद्यापीठाच्या फुटबॉलसाठी १९२७ मध्ये बांधलेले एक क्रीडागार आहे आणि त्याची अधिकृत आसनक्षमता १,०७,६०१ आहे. मुंबईचे वानखेडे तीनदा भरेल एवढी माणसे तेथे एका वेळी बसतात. आपल्या गुजरातेत अहमदाबादचे मैदान याहून मोठे आहे हे खरे. पण ते लक्षावधींच्या महानगरात आहे आणि तेथे राष्ट्रीय संघ खेळतो. ॲन आर्बरला खेळतात ती विद्यापीठात शिकणारी अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची मुले. गावातल्या लोकसंख्येएवढी माणसे एका शनिवारी दुपारी ही मुले पाहायला जमतात.

सामन्याच्या दिवशी सकाळपासूनच गावाचा रंग बदलतो. विद्यापीठाचे रंग मक्याच्या दाण्यासारखा पिवळा आणि गडद निळा. आजोबांच्या टोपीपासून तान्ह्या बाळाच्या झबल्यापर्यंत सर्वत्र तेच दोन रंग. शेजारच्या शाळेच्या पटांगणात मोटारींच्या रांगा लागतात, मागची दारे उघडतात, शेगड्या पेटतात आणि दोन-तीन पिढ्यांची कुटुंबे तेथेच जेवायला बसतात. आपल्याकडे जत्रेच्या दिवशी देवळाबाहेर जे चित्र दिसते, तेच थोड्याफार फरकाने.

क्रीडागार बाहेरून ठेंगणे दिसते, कारण त्याचा बराचसा भाग जमिनीच्या पातळीखाली आहे. आत पाऊल टाकताच पायांखाली एक प्रचंड परडी उघडल्यासारखे वाटते. नंतर विद्यार्थ्यांचे शेकडो जणांचे वाद्यपथक बोगद्यातून धावत मैदानावर येते आणि सारे प्रेक्षक उभे राहून विद्यापीठाचे विजयगीत म्हणतात. हे गीत १८९८ मध्ये लुई एल्बेल नावाच्या एका विद्यार्थ्याने शिकागो विद्यापीठावरील विजयानंतर रचले. सव्वाशे वर्षांनंतरही ते सर्वांना मुखोद्गत आहे.

प्रत्यक्ष खेळ समजायला वेळ लागला. नावात फुटबॉल असला तरी पायाचे काम थोडे, हातांचे आणि खांद्यांचे फार. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे; जमले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे. घड्याळात साठ मिनिटांचा हा खेळ प्रत्यक्षात साडेतीन तास चालतो.

माझ्या शेजारच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ होते. १९६४ ची त्यांची पदवी. दर शरद ऋतूत ते दुसऱ्या राज्यातून येतात आणि त्यांच्याबरोबर शिकलेली चार-पाच माणसे त्याच बाकावर भेटतात. त्यांनी मला विचारले, “तुमचे जुने विद्यार्थी शाळेत परत केव्हा येतात?” मी म्हणाले, “लग्नाची पत्रिका द्यायला, मुलांचा प्रवेश घ्यायला, नाहीतर दाखल्याची दुसरी प्रत मागायला.” ते हसले आणि म्हणाले, “म्हणजे काम असले तरच.” या संवादावर मी पुढे पुष्कळ विचार केला.

ही संस्कृती आली कोठून, हे पाहिले तर काही गोष्टी स्पष्ट होतात. अमेरिकेतील दोन महाविद्यालयांमधली पहिली स्पर्धा १८५२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका सरोवरावर झाली. हार्वर्ड आणि येल यांच्यातील ती नौकांची शर्यत. ती भरवण्यामागे एक रेल्वे कंपनी होती, कारण तिला आपल्या मार्गावर प्रवासी हवे होते. म्हणजे विद्यार्थ्यांचा खेळ आणि व्यापाऱ्याचा पैसा यांची गाठ अगदी पहिल्याच दिवशी पडली. १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात फुटबॉलचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. पुढे अनेक विद्यापीठे लहान गावांत वाढली. त्यांना विद्यार्थी हवे होते, देणग्या हव्या होत्या आणि राज्यांतील सामान्य नागरिकांची आपुलकी हवी होती. ज्या शेतकऱ्याने विद्यापीठाचे ग्रंथालय कधी पाहिले नाही, तोही त्याच्या संघाला ‘आपला’ म्हणू लागला.

किंमतही लवकरच दिसू लागली. १९०५ च्या एकाच हंगामात देशभर अठरा-एकोणीस तरुण हा खेळ खेळताना दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच वर्षी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. पुढच्या वर्षी नियमन करणारी संघटना स्थापन झाली. तीच आजची राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना. काही विद्यापीठांनी मात्र खेळच बंद केला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९०५ च्या हंगामानंतर फुटबॉल थांबवला, तो १९१५ मध्ये पुन्हा सुरू केला. आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियात दाखल झाले, तेव्हा तेथे फुटबॉलचा संघ नव्हता. त्यांना घडवणारे अध्यापक आणि ग्रंथालय मात्र होते.

शिकागोचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९३५ मध्ये देशातील सर्वोत्तम विद्यापीठीय फुटबॉलपटूसाठीचा करंडक, जो पुढे हाइझमन या नावाने प्रसिद्ध झाला, तो प्रथमच देण्यात आला आणि शिकागोच्या जे बर्वँगरने तो मिळवला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९३९ मध्ये, विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या आग्रहाने तेथे फुटबॉल बंद झाला. ओस पडलेल्या त्या क्रीडागाराच्या पश्चिमेकडील प्रेक्षकसज्जाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांच्या पथकाने जगातील पहिली नियंत्रित अणु-शृंखलाक्रिया घडवली. १९६९ मध्ये शिकागोत फुटबॉल परतला, पण लहान प्रमाणावर, अभ्यासाच्या शेजारी बसेल असा.

बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी हा मार्ग स्वीकारला नाही. आज अनेक राज्यांत सरकारी सेवेतील सर्वाधिक वेतन घेणारी व्यक्ती म्हणजे एखाद्या विद्यापीठाचा फुटबॉल वा बास्केटबॉल प्रशिक्षक. राज्यपालांचे किंवा कुलगुरूंचे वेतन त्याच्या जवळपासही येत नाही. खेळाडूंना मात्र कित्येक दशके शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्यास मनाई होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निर्बंधांच्या एका भागाविरुद्ध एकमताने निकाल दिला आणि त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावाच्या जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली. २०२५ मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षीची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. व्यावसायिक संघांत स्थान मिळते ते या सर्व खेळाडूंपैकी दोन टक्क्यांहूनही कमी जणांना. बाकीच्यांना अखेर पदवीचाच आधार. ती पदवीच पोकळ निघाली तर? उत्तर कॅरोलिना विद्यापीठात अठरा वर्षे वर्ग न भरवता गुण दिले जात होते, असे २०१४ च्या चौकशी अहवालात उघड झाले. लाभ घेतलेल्या तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू होते. मी शिक्षिका आहे. त्या मुलांनी शिक्षणाला फसवले असे मला म्हणवत नाही. संस्थेने आपल्या मुलांना न शिकवता वापरून घेतले असेच मी म्हणेन.

याच व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, विशेषतः मुलींच्या पालकांना. शासकीय साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेद करता येणार नाही, असा कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये झाला. ‘टायटल नाइन’ हे त्याचे प्रचलित नाव. त्यात मैदानाचा उल्लेख नाही, पण तो मैदानालाही लागू झाला. त्यापूर्वी तेथील माध्यमिक शाळांच्या संघांत तीन लाखांहून कमी मुली होत्या. आज ही संख्या तीस लाखांच्या वर आहे. मी अमेरिकेत पोहोचण्याच्या थोडे आधी, ३० ऑगस्ट २०२३ रोजी, नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना त्यांच्या फुटबॉलच्या क्रीडागारात झाला. प्रेक्षक किती? ९२,००३. ॲन आर्बरला मीही मुलींचा व्हॉलीबॉल सामना पाहिला. गर्दी बेताची होती, पण पहिल्या रांगेत दहा-बारा वर्षांच्या मुली बसल्या होत्या आणि प्रत्येक खेळाडूचे नाव त्यांना पाठ होते.

व्हॉलीबॉल आपल्याला परका नाही. बास्केटबॉल १८९१ मध्ये आणि व्हॉलीबॉल १८९५ मध्ये, दोन्ही मॅसॅच्युसेट्स राज्यात, व्यायामशिक्षकांनी शोधून काढलेले खेळ आहेत. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांच्यापुढचा प्रश्न साधा होता: हिवाळ्यात बंद दालनात वर्गातल्या सर्व मुलांना खेळवायचे कसे? त्याच स्प्रिंगफील्डच्या परंपरेतून आलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाची संस्था सुरू केली आणि तेथून शिक्षक भारतभर गेले. बडोद्यालाही स्वतःची परंपरा आहे. १८८० पासूनची जुम्मादादा व्यायाममंदिराची आणि राजरत्न माणिकरावांची परंपरा आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिली आहे. या सर्व शिक्षकांनी मैदान मानले ते येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी.

मला अमेरिकेत खटकले ते नेमके येथेच. एक लाख माणसे पाहतात आणि शंभर-सव्वाशे खेळतात. ते भव्य क्रीडागार वर्षातून सात-आठ शनिवारी भरते. आपले मैदान लहान आहे, पावसाळ्यात चिखलाचे असते आणि त्याला कुंपण घालायलाही आपण वर्गणी काढली होती. पण रोज मधल्या सुट्टीत त्यावर सगळी शाळा असते. ज्या मुलाला वर्गात बोलायला संकोच वाटतो, तो तेथे मोठ्याने ‘खो’ देतो. घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि टीव्हीवर हिंदी ऐकणारी आमची मुले मराठीत भांडायला शिकतात ती या मैदानावर. भाषा टिकते ती अशा वापराने, हे भाषाशिक्षिका म्हणून मी तीस वर्षे पाहत आले आहे.

म्हणून माझी समितीला आणि आपणा सर्वांना तीन विनंत्या आहेत. पहिली, मैदान अखंड राहावे. सभागृहाची गरज खरी आहे. ते जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर करता येईल का, याचा अभियंत्यांकडून अहवाल घ्यावा. खर्च वाढला तर तो उभा करण्याच्या कामी मी आपल्या दारी येईन. दुसरी, दर वर्षी डिसेंबरमधला एक रविवार माजी विद्यार्थ्यांच्या सामन्यांसाठी राखावा. खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल. १९८५ ची तुकडी विरुद्ध १९९५ ची तुकडी. मुलींचे संघ मुलांच्या बरोबरीने. गुडघे साथ देत नसतील त्यांनी पंच व्हावे, नाहीतर बाकावर बसून आरडाओरडा करावा. पत्रिका, प्रवेश, दाखला यांखेरीज शाळेत येण्याचे आणखी एक कारण आपल्याला मिळेल. तिसरी विनंती पालकांना. जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलाचा अभ्यास बुडाला, तर आम्ही त्याचे जादा तास घेऊ. पण त्याला न शिकवता वर चढवा, असे आम्हाला सांगू नका. आणि ज्या मुलीला खेळायचे आहे, तिला नववीत गेली म्हणून घरी बसवू नका.

समितीची बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपले मत त्यापूर्वी लेखी कळवावे. मैदानाचा नकाशा कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावला आहे; जाताना तो अवश्य पाहावा.