आधी हंगाम, मग भांडवल
(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



बारामती-इंदापूर भागात ऊस, डाळिंब, पेरू, दूध यांना तोटा नाही. त्यामुळे ‘माल घरचाच आहे, मग प्रक्रियाही आपणच का करू नये?’ असा विचार अनेकांच्या मनात येतो. विचार योग्य आहे. परंतु माल पिकविणे आणि त्यापासून खाद्यपदार्थ तयार करून विकणे हे दोन वेगळे धंदे आहेत. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

आपल्याच भागातला दाखला पाहा. नीरा डावा कालवा झाल्यावर कऱ्हेकाठच्या सासवडचे माळी बागाईतदार बारामतीकडे आले. खंडाने जमिनी घेऊन त्यांनी ऊस लावला, गुऱ्हाळे चालविली. पुढे जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले, तेव्हा १९३२ साली त्यांनी ‘सासवड माळी शुगर फॅक्टरी’ ही कंपनी स्थापन केली. अकलूजजवळचे माळीनगर ते हेच. साखरेची यंत्रे त्यांना नवी होती. पण ऊस, मजूर, रस आणि बाजार यांची पारख त्यांना वर्षानुवर्षांच्या कामातून आलेली होती.

आता गुऱ्हाळाचेच उदाहरण घेऊ. काकवी साधारण १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला, तर ढेपेचा गूळ ११६ ते ११८ अंशाला उतरवितात. चार-दोन अंश इकडेतिकडे झाले की गूळ मऊ पडतो किंवा करपतो. थर्मामीटर विकत मिळतो; पण मळी कधी काढावी, चुलवाणाचा जाळ कधी कमी करावा, पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी कशी ओळखावी, हे गुळव्याच्या शेजारी उभे राहूनच कळते. रोज १० टन ऊस गाळला आणि उतारा एक टक्क्याने घटला, तर दिवसाला १०० किलो गूळ हातचा जातो. शंभर दिवसांच्या हंगामात ही घट १० टनांची होते. बँकेचा हप्ता मात्र घटत नाही.

म्हणून माझी शिफारस अशी की, जो धंदा करावयाचा, त्या चालू कारखान्यात घरातल्या एकाने निदान एक हंगाम काम करावे. पगार कमी मिळाला तरी चालेल. तेथे पुढील गोष्टी वहीत टिपाव्यात:

१. कच्चा माल किती आला व पक्का माल किती निघाला.
२. जळण, वीज, मजुरी व पॅकिंगचा खर्च.
३. किती माल खराब झाला आणि का.
४. व्यापाऱ्याचे पैसे प्रत्यक्षात किती दिवसांनी आले.
५. अन्नसुरक्षा कायद्यानुसार परवाना, स्वच्छता व लेबल यांची व्यवस्था.

चौथा मुद्दा विशेष महत्त्वाचा. खेळते भांडवल किती लागेल, हे त्यावरूनच ठरते.

गुळासाठी कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. मात्र सल्ला किंवा प्रशिक्षण हे कामाच्या अनुभवाला पर्याय नव्हे.

हंगामाअखेर वही उघडा. हिशेब जमत असेल तर लहान प्रमाणावर सुरुवात करा. जमत नसेल, तर एक हंगाम गेला, पण जमीन गहाण पडली नाही, हाही नफाच समजावा.