जुन्या गाडीचे इंजिन धुताना घ्यावयाची काळजी
(रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



पोळ्याला आपण बैल धुतो. खंडेनवमीला विळे, कोयते, नांगर धुऊन-पुसून त्यांची पूजा करतो. त्याच ओळीत आता जीप, मोटार आणि ट्रॅक्टरही आले. हार घालायचा तर आधी गाडी धुवायला हवी. बाहेरून धुतली तर काही बिघडत नाही. पण बॉनेट उघडून इंजिनावर मोटारपंपाचा नळ सोडला, की पुष्कळदा गाडी ऐन दसऱ्याला दारातच उभी राहते. म्हणून इंजिन कसे धुवावे, याच्या चार गोष्टी आज सांगणार आहे.

अॅम्बॅसॅडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी अशा जुन्या मोटारी आणि जीपगाड्या खेड्यापाड्यांत अजून कामाला आहेत. आजचे बोलणे त्यांच्याबद्दल आहे. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर आणि नाजूक वायरिंग असते, त्यांचे इंजिन घरी धुण्याच्या भानगडीत पडू नये.

मुळात इंजिन धुवायचे तरी कशाला? सोनपेठ भागातली आपली जमीन काळी, चिकण. रस्त्याची धूळ इंजिनावर सांडलेल्या तेलात बसली की तिचा जाड थर होतो. सोयाबीनच्या मळणीत उडालेले भुसकट आणि कापसाची रुई त्या थराला चिकटतात. या थराने तीन तोटे होतात. एक, रेडिएटरच्या जाळीतून वारा जात नाही आणि इंजिन तापते. दोन, तेल नेमके कुठून गळते ते दिसत नाही. तिसरा तोटा सगळ्यांत वाईट. इंजिनातून जळका धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड चालू गाडीत इतका तापतो, की तेलाने भिजलेले भुसकट त्यावर पडले तर पेट घेऊ शकते. शेजारीच पेट्रोलची नळी असते. म्हणून मळणीचा हंगाम संपला, की वर्षातून एकदा इंजिन जरूर साफ करावे.

आता पहिली गोष्ट. गरम इंजिनावर थंड पाणी कधीही टाकू नका. मॅनिफोल्ड बिडाचा असतो. तापलेल्या बिडावर गार पाणी पडले तर त्याला तडा जातो. डिझेल गाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या फ्यूएल पंपावरही तापलेला असताना पाणी घालू नये. आतले भाग फार बारीक मापाचे असतात, ते अडकून बसतात आणि दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. गाडी बंद करून तासभर सावलीत उभी करा. इंजिनावर हात सहज टेकला, की कामाला लागा. तोवर रेडिएटरचे झाकणही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून तोंडावर येते.

दुसरी गोष्ट बॅटरीची. बॅटरीच्या दोन तारांपैकी जी गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते, ती अर्थची तार आधी सोडवावी. बहुतेक गाड्यांत ती वजा खुणेची असते, काही फार जुन्या गाड्यांत उलट असते. म्हणून खुणेवर न जाता तार डोळ्यांनी पाहावी. दुसरी तार आधी सोडवताना पाना सांगाड्याला लागला तर मोठी ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने भडकतो. म्हणून जवळ बिडी, काडी, कंदील काही नको. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ती धुवावी. मात्र बॅटरीची बुचे घट्ट असावीत, सोड्याचे पाणी आत जाता कामा नये.

तिसरी गोष्ट, पाणी कुठे जाऊ द्यायचे नाही. एअर क्लीनरचे तोंड, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, डायनॅमो किंवा अल्टरनेटर आणि फ्यूजची पेटी यांवर प्लॅस्टिक बांधा. खताच्या गोणीतले प्लॅस्टिक आणि सुतळी एवढ्यावर काम भागते. तेल भरण्याचे झाकण आणि डिपस्टिक नीट बसली आहे ना, ते पाहा.

एअर क्लीनरचे एवढे महत्त्व का? सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. आत पाणी शिरले आणि स्टार्टर मारला, तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान झारीभर पाण्यानेही होते, बरं का!

आता धुण्याकडे वळू. आधी कोरडी सफाई करा. लाकडी पट्टीने चिखलाचा थर खरवडा, ब्रशने भुसकट झाडा. उंदराने घरटे केले असेल तर तेही काढा आणि तारा कुरतडल्या आहेत का ते पाहा. निम्मे काम पाण्याशिवायच होते.

तेलकट थर काढण्यासाठी काही जण पेट्रोल वापरतात. हे कधीही करू नका. पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेते आणि जमिनीलगत पसरत जाते. रॉकेल किंवा डिझेल चालेल असे वाटते, पण त्यांचीही वाफ ३५ अंशांच्या पुढे पेट घेण्याजोगी होऊ शकते. आपल्या परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, हे ध्यानात घ्या. शिवाय रॉकेलने रबरी नळ्या आणि फॅन बेल्ट फुगतात. कॉस्टिक सोडाही नको, तो अॅल्युमिनियम खातो आणि अंगावर उडाला तर कातडी भाजते. कोमट पाण्यात कपडे धुण्याची पावडर कालवा आणि ब्रशने लावा. दहा मिनिटे भिजू द्या, पण वाळू देऊ नका. मग पुन्हा घासा.

पाणी झारीने किंवा मगाने, वरून खाली, थोडे थोडे घाला. फवारणीच्या एचटीपी पंपाचा झोत इंजिनावर मारू नका. तो झोत बेअरिंगमध्ये, तारांच्या जोडांत आणि सीलच्या आत पाणी घुसवतो. रेडिएटरची जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे सोडावे. कचरा वाऱ्याबरोबर पुढून आत आलेला असतो, त्याला आल्या वाटेनेच बाहेर काढायचे. जाळीचे पत्रे मऊ असतात, तिथे हळू हाताने.

धुऊन झाले, की प्लॅस्टिक सोडा आणि कोरड्या फडक्याने सगळे पुसा. बॉनेट उघडे ठेवून गाडी दोन तास उन्हात उभी करा. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून आतून पुसा. प्लगच्या खाचेत पाणी साचले असेल तर ते आधी टिपून घ्या. तसाच प्लग काढला तर ते पाणी थेट सिलिंडरमध्ये जाते. मग डिपस्टिक पाहा. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले असे समजा आणि गाडी चालू न करता मिस्त्रीला बोलवा. एअर क्लीनर तेलाचा असेल तर त्याच्या वाटीतले तेलही तपासा. कागदाचा असून भिजला असेल तर बदला.

सगळे कोरडे असेल, तर बॅटरीची अर्थची तार शेवटी जोडा. गाडी मोकळ्या जागेत चालू करा, बंद शेडमध्ये नको. धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि तो माणसाचा जीव घेतो. इंजिन अडखळत चालले, तर बहुधा डिस्ट्रिब्युटर किंवा प्लगच्या तारांत ओल राहिली आहे. बंद करून पुन्हा पुसा. स्टार्टर मारल्यावर इंजिन जागचे हललेच नाही, तर पुन्हा पुन्हा मारू नका. प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाहावे लागते आणि ते काम मिस्त्रीचे.

इंजिन नीट चालू लागले, की बॅटरी घेऊन खाली पाहा. स्वच्छ इंजिनावर तेलाचा नवा थेंब लगेच दिसतो. धुण्याची खरी कमाई हीच. अॅक्सिलरेटरच्या सांध्यांना आणि बॉनेटच्या कडीला तेलाचा एकेक थेंब द्यायला विसरू नका.

शेवटची गोष्ट, हे पाणी जाते कुठे? गोदावरीत गाडी घालून धुणारे लोक आपण पाहतो. सोनपेठ तालुक्यात खडक्याला गोदावरीवर बंधारा आहे. त्या पाण्यावर परळीचे वीज केंद्र अवलंबून आहे आणि काठची गावेही. नदीनाल्यात किंवा विहिरीत घाण सोडायला १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी तेलाचा तवंग आलेले पाणी आपलीच गुरे पितात. म्हणून गाडी विहीर, हातपंप आणि गुरांच्या हौदापासून लांब धुवा. खाली भुसा पसरा, तो तेल शोषून घेतो. तेलकट भुसा शेतात टाकू नका आणि चुलीत जाळू नका. वापरलेले इंजिन ऑइल डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्या.

थोडक्यात ध्यानात ठेवा:
१. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच पाणी.
२. बॅटरीची अर्थची तार आधी सोडवा, शेवटी जोडा.
३. एअर क्लीनर, कार्बोरेटर आणि विजेचे भाग प्लॅस्टिकने झाका.
४. पेट्रोल, रॉकेल, कॉस्टिक सोडा नको.
५. झारीने पाणी, पंपाचा झोत नको.
६. पूर्ण वाळल्याशिवाय स्टार्टर मारू नका.
७. नदी, विहीर, हौद यांच्यापासून दूर धुवा.

हे सगळे करायला एक सकाळ पुरते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घाईने करण्यापेक्षा आठ दिवस आधी करा, म्हणजे काही बिघडलेच तर दुरुस्तीला वेळ मिळेल.