परमुलखात घर घेताना



चिखलीत येऊन घरखरेदीवर बोलणे म्हणजे देहूला जाऊन अभंग शिकवण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांनी आयुष्यात एकदा तरी जागेपायी झोप गमावली असेल. बीड, लातूर, जळगाव, बुलढाणा सोडून जो कारखान्यामागे येथे आला, त्याला हा परमुलूखच. गावी असता तर पारावरच्या म्हाताऱ्यांनी त्या जमिनीची चार पिढ्यांची कुंडली तोंडपाठ सांगितली असती. येथे ते म्हातारे नाहीत. त्यांचे काम कागदांकडून करून घ्यावे लागते, आणि कागदाची खोड अशी की, तो विचारल्याखेरीज बोलत नाही.

१७ मे २०२५ चा दिवस आपल्याला सांगायला नको. इंद्रायणीकाठचे ३६ बंगले महापालिकेने त्या दिवशी पाडले. हुकूम राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा, १ जुलै २०२४ चा; तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला. कारण एकच, बांधकामे निळ्या पूररेषेच्या आत होती. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल.

अशा वेळी माणूस कळवळून म्हणतो, “अहो, खरेदीखत नोंदले, मुद्रांक भरला, घरपट्टी भरतो, मग घर माझे कसे नाही?” त्याचे दुःख खरे आहे, पण त्याने प्रत्येक कचेरीला भलताच प्रश्न विचारलेला असतो. दुय्यम निबंधक दस्त नोंदतो. विकणाऱ्याचा हक्क खरा की खोटा याची हमी तो देत नाही. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद. घरपट्टी तर अनधिकृत बांधकामावरही बसते. शास्तीकर कशाचा होता, हे पिंपरी-चिंचवडकरांना मी सांगावे काय? ‘येथे घर बांधून राहता येईल का?’ या प्रश्नाचे उत्तर विकास आराखड्यात, पूररेषेच्या नकाशात आणि बांधकाम परवानगीत असते, आणि तेथे आपण सर्वांत शेवटी जातो. कित्येकदा जातच नाही.

म्हणून माझे म्हणणे, क्रम उलटा करा. भाव ठरवण्याआधी गटनंबर घेऊन झोन दाखला काढा. त्याला खर्च थोडा, आणि उत्तर प्रतिकूल आले तर पुढचा सगळा वकिली खर्च वाचतो. मग सातबारा, पण केवळ आजचा नव्हे. फेरफार मागे मागे वाचीत जा. इतर हक्कांच्या रकान्यात कूळ आहे काय, बोजा आहे काय? ‘भोगवटादार वर्ग २’ असे शब्द दिसले तर सरकारी परवानगीवाचून व्यवहार नाही. वारसांच्या नोंदीत बहिणी मोजा. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, आणि सासरी गेलेली बहीण भावांना नेमकी सहीच्या वेळी आठवत नाही. तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. तो वकील विकणाऱ्याचा नसावा, एवढे पथ्य पाळा. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. नव्या इमारतीत सदनिका घेणाराने महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावाच. पण तेथे चढवलेले कागद उघडून वाचावेत, क्रमांक पाहून परत फिरू नये.

हे सगळे करण्यात वेळ जातो, असे लोक म्हणतात. जातो, पण तो एकदाच जातो. कागद आधी वाचलेला माणूस निबंधकाच्या कचेरीत सही करून घरी येतो. न वाचलेल्याचे हेलपाटे तेथून सुरू होतात.

राहता राहिला इसार. रक्कम लहान ठेवा, धनादेशाने द्या, आणि हक्क निर्वेध न निघाल्यास ती परत मिळेल असे इसारपावतीत लिहून घ्या. विकणारा यावर हटकून म्हणेल, “उद्या सकाळी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे.” त्याला हसून सांगावे की, मग आमच्या वकिलाची चिठ्ठी येईपर्यंत आपण त्यांनाच चहा पाजा.